वळणावर उतरणारे सर

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेचं कुलूप उघडलं त्या दिवशी पी. एन. सर दहा मिनिटं दारातच उभे राहिले. आम्ही नववीची पोरंपोरी त्यांच्या पाठीमागे टाचा उंचावून. कुलूप किती वर्षांनी उघडलं ते शिपायालाही सांगता येईना. आत फळ्यांवर बाटल्यांच्या रांगा होत्या, आणि निम्म्या बाटल्यांच्या चिठ्ठ्या झुरळांनी खाल्लेल्या. सरांनी खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यातून ओला रुमाल काढला, नाकाला बांधला आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "यातली एखादी बाटली आपल्याला मारू शकते. कोणती, ते मला माहीत नाही. खिडक्या उघडून होईपर्यंत आत कुणी पाय टाकायचा नाही."

आम्ही हसलो. घाबरणारा मास्तर आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. आधीचे मास्तर कशालाच घाबरत नसत, कारण ते काही करतच नसत. फळ्यावर समीकरण, वहीत समीकरण, खाली 'निरीक्षण: पांढरा अवक्षेप तयार झाला', आणि लाल सही. पांढरा अवक्षेप दिसतो कसा, ते धडगाव तालुक्यातल्या आमच्या पंचक्रोशीत एकाही माणसाला माहीत नव्हतं. सही करणाऱ्याला तर नव्हतंच. हे मी पुढे आमच्या मोहिमेच्या पत्रकातही लिहिलं आहे, इथे पुन्हा लिहिते, कारण ते अजून बदललेलं नाही.

सर आत गेले. खिडक्या उघडल्या. सगळ्यात वरच्या फळीवर एक तपकिरी बाटली होती, बुचाभोवती पिवळट खडे जमलेले, चिठ्ठी नाही. सरांनी स्टूल घेतलं, चढले, आणि बाटलीला हात न लावता तिच्याभोवती फळीवर खडूनं गोल काढला. खाली उतरले तेव्हा पाठ घामानं ओली. म्हणाले, "हिला हात लावायचा नाही. मीसुद्धा लावणार नाही."

असे आमचे पी. एन. सर. पोरं त्यांना 'जपून सर' म्हणत. त्यांना ते माहीत होतं. यंदा होळीच्या आधी ते रनाळ्याला राहत्या घरी वारले, झोपेत. मला चार दिवसांनी कळलं. भित्र्या माणसांबद्दल मी आयुष्यात बरंच वाईट लिहिलं आहे. त्यातलं काही परत घ्यायचं आहे, म्हणून हे लिहिते.

सर रनाळ्याचे, तिकडच्या सपाटीवरच्या शेतकरी घरातले. भाऊ शेती बघत, हे नोकरीला डोंगरात आमच्याकडे. धडगावला खोली घेऊन राहत आणि शनिवारी शेअर जीपनं घाट उतरून घरी जात. वर्गात ते पुस्तकी मराठी बोलत. आम्हाला ते सोयीचंच होतं. आमच्या घरी पावरी बोली, मराठी आम्हाला शाळेतच भेटलेली. पण सर घाबरले की त्यांची पुस्तकी मराठी सुटायची आणि रनाळ्याची अहिराणी बाहेर यायची. महिन्याभरात आम्हाला त्याचा अंदाज आला. सर "जपून" म्हणाले तर काही विशेष नाही. "जपीसन वं पोरी" म्हणाले की हात ताबडतोब मागे.

त्यांना कशाकशाची भीती वाटे ते सांगत बसले तर इथेच पानं संपतील. विजेचं बटण ते छत्रीच्या दांडीनं दाबत. शाळेत चहा पीत नसत. प्रयोगशाळेच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत पातेलं कुणी, कशानं धुतलं असेल, सांगता येत नाही म्हणे. डबा खायच्या आधी कोपरापर्यंत हात धूत, दोनदा. मुख्याध्यापकांची भीती, तपासणीची भीती, साहेब या शब्दाची भीती. आणि सगळ्यांत मोठी भीती घाटाची.

शनिवारच्या त्या जीपमध्ये मीही एकदा होते, मामाकडे शहाद्याला जायला. जीपवाला गुमानभाऊ. आत, मागे, टपावर माणसं, आणि पायाशी दोन बोकड. सर बसल्या बसल्या बोटांवर मोजत होते. मोजून झालं आणि गुमानभाऊला म्हणाले, "चार चाकं, एक ब्रेक, एकवीस माणसं, दोन बोकड. सांग भाऊ, पहिले काय सरी?"

आधी काय संपेल? हा त्यांचा प्रश्न. वर्गात, मैदानावर, आमच्या हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात, सगळीकडे हाच.

"डिझेल!" गुमानभाऊ म्हणाला. जीपभर हसू.

तिसऱ्या वळणावर कठडा तुटलेला आहे. अजूनही आहे, कुणी बांधलेला नाही. सरांनी तिथे जीप थांबवली, उतरले, डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि डोंगराच्या बाजूला हात टेकत टेकत वळण चालत उतरू लागले. जीप खाली जाऊन त्यांच्यासाठी थांबली. दर शनिवारी थांबायची. मागून एक म्हातारा ओरडला, "मास्तर, तुमच्या चालीनं शनिवारचा सोमवार होईल!" सर वरून म्हणाले, "होऊ दे. सोमवारी शाळेत तर असेन!"

मला तेव्हा त्यांची लाज वाटली होती. आमच्या पोरी डोक्यावर लाकडं घेऊन याच्याहून उभी वाट उतरतात. मी खिडकीतून बाहेर बघत बसले, ओळख नसल्यासारखी.

पण हाच माणूस आम्हाला रसायनं हाताळायला द्यायचा. हे आधी कुणी केलं नव्हतं, आणि ते गेल्यावर कुणी केलं नाही.

पहिला प्रयोग फुग्यांचा. खायचा सोडा आणि व्हिनेगर. सोडा मोजायला काटा हवा. शाळेचा काटा गंजलेला, तेव्हा सरांनी शहाद्याच्या एका मारवाडी सराफाकडून त्याचा जुना काटा मागून आणला. सराफानं विचारलं होतं म्हणे, "मास्तर, किती तोळे मोजायचे?" सर म्हणाले, "पाच ग्रॅम सोडा." सराफानं मुनीमाला हाक मारली, "अरे सुनो, मास्तर भजी तोलणार सोन्याच्या काट्यावर!" पण काटा दिला.

सहा बाटल्या. प्रत्येकीत सारखंच व्हिनेगर. सहा फुगे. पहिल्यात एक ग्रॅम सोडा, दुसऱ्यात दोन, असं सहापर्यंत. फुगे बाटल्यांच्या तोंडाला बांधले आणि एकदम उलटे केले. फसफसून फुगे फुगले. पहिला लिंबाएवढा, दुसरा त्याहून मोठा, तिसरा आणखी मोठा. आणि चौथा, पाचवा, सहावा? तिन्ही सारखेच. सोडा जास्त टाकला, तर फुगा मोठा का नाही झाला?

"सोडा खराब होता," कुणीतरी म्हणालं.

"तळ बघा."

शेवटच्या बाटल्यांच्या तळाला पांढरा सोडा तसाच पडलेला.

"पहिले काय सरनं?"

"व्हिनेगर!" अख्खा वर्ग ओरडला. आणि मला कळलं. पुस्तकातला मर्यादित अभिक्रियाकारक हा शब्द मी पाठ केलेला होता. त्या दिवशी तो मला बाटलीच्या तळाला दिसला. एकाकडे कितीही असू दे, दुसरा संपला की काम तिथेच थांबतं. मी आजही कुठल्या सभेत बसले की मनात हेच विचारते.

तिथेच एक घोटाळा झाला. सरांनी फुगा बांधलेली एक बाटली प्रयोगाआधी आणि नंतर काट्यावर ठेवली. बांधलेली आहे, काही बाहेर गेलेलं नाही, वजन तेवढंच यायला हवं. ते जवळजवळ एक ग्रॅमनं कमी आलं. मी उभी राहिले. तेव्हाही तोंड असंच होतं माझं. "सर, पुस्तक म्हणतं वस्तुमान जात नाही. मग एक ग्रॅम गेला कुठे?"

सरांचा चेहरा उतरला. बाटलीच्या तोंडाला साबणाचं पाणी लावून बघितलं, बुडबुडा नाही. पुन्हा तोललं, पुन्हा कमी. पोरं खुसखुसायला लागली. सर काट्याकडे बघत हळूच म्हणाले, "माले माहीत नही."

माझ्या नऊ वर्षांच्या शाळेत कुठल्याही मास्तराच्या तोंडून मी हे वाक्य ऐकलं नव्हतं.

सोमवारी ते आले ते जाड प्लास्टिकची थंड पेयाची बाटली घेऊन. म्हणाले, "पाण्यात दगड हलका लागतो ना? तसा हवेत फुगा. फुग्यानं हवा बाजूला सारली, हवेनं त्याला थोडं वर उचललं. काटा फसला, वस्तुमान नाही. आता न फुगणाऱ्या बाटलीत करू." मग त्यांनी सोडा चिमूटभरच घेतला, बूच घट्ट लावलं, बाटली गोणपाटात गुंडाळली आणि आम्हा सगळ्यांना कपाटामागे पाठवून स्वतःही आमच्यामागे येऊन बसले. काही झालं नाही. वजन तंतोतंत तेवढंच. सर कपाटामागून बाहेर आले, डोळ्यांत पाणी. "भ्याव वाटस ना? मंग मोज," ते म्हणाले. भीती वाटते, तर मोज. ते कुणाला सांगत होते, आम्हाला की स्वतःला, ते मला तेव्हा कळलं नाही.

पुढे सिल्व्हर नायट्रेटची पाळी आली. अख्ख्या शाळेत एक लहान बाटली, आणि आम्ही एक्केचाळीस. दुसरा मास्तर असता तर त्यानं एकदा स्वतः करून दाखवलं असतं. सरांनी आम्हाला रिकाम्या गोळ्यांच्या पट्ट्या आणायला सांगितल्या. पोरींना शाळेत दर आठवड्याला लोहाच्या गोळ्या मिळतात, त्यांच्या पट्ट्या हॉस्टेलच्या मागे ढिगानं पडलेल्या. धुऊन आणल्या. गोळीचा एकेक खळगा म्हणजे एकेक परीक्षानळी. प्रत्येकाला तीन थेंब या बाटलीतले, तीन थेंब मिठाच्या पाण्यातले. त्याआधी फळ्यावर अर्धा तास हिशोब: बाटलीत किती थेंब, माणशी किती, काय आधी संपेल, मिठाचं पाणी किती पातळ करायचं. आणि मग खळग्यात दह्यासारखा पांढरा अवक्षेप. एक्केचाळीस पट्ट्यांमध्ये. जर्नलमध्ये मी 'पांढरा अवक्षेप' लिहिलं ते त्या दिवशी पहिल्यांदा खरं.

एक प्रयोग मात्र त्यांनी केला नाही. ब्लीचिंग पावडर आणि हायड्रोक्लोरिक आम्ल. फळ्यावर समीकरण लिहिलं, संतुलित केलं आणि खडू खाली ठेवला. "हा प्रयोग आपण फक्त मोजायचा." एकशे सत्तावीस ग्रॅम पावडर, त्यातून एकाहत्तर ग्रॅम क्लोरीन. मग विचारलं, ग्रामपंचायत पाण्याच्या टाकीत टाकते ती पावडर कोणती? तीच. संडास धुवायला आणतात ते आम्ल कोणतं? तेच. हॉस्टेलमध्ये दोन्ही कुठे ठेवतात? एकाच कोठीत. सरांनी आमच्याकडून मोजून घेतलं: एक डबा पावडर, या एवढ्या खोलीत, किती वायू. उत्तर आलं तेव्हा मागच्या बाकावरची एक पोर रडायला लागली.

"वाटनं ना भ्याव? वाटालेच पाहिजे," सर म्हणाले. त्याच संध्याकाळी पावडर आणि आम्ल वेगवेगळ्या खोल्यांत गेलं. पोरींनीच नेलं.

सर निवृत्त होऊन रनाळ्याला गेले. प्रयोगशाळेला पुन्हा कुलूप लागलं. जर्नलं पुन्हा फळ्यावरून उतरवली जाऊ लागली. मी तोवर कॉलेजातून परत आले होते आणि आम्ही काही पोरापोरींनी तालुक्यातल्या बंद प्रयोगशाळांविरुद्ध मोहीम सुरू केली होती. गुलाबी कागदावरचं पत्रक माझं. मथळा: 'कुलपं तोडा!' खाली: 'शेकडो बाटल्या सडत आहेत आणि किल्ल्या भित्र्या मास्तरांच्या खिशात आहेत.' भित्र्या हा शब्द लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर कोण होतं ते मी सांगत नाही. वाचणाऱ्याला कळलं असेल.

पंधरा दिवसांनी गुमानभाऊनं जीपमधून एक पाकीट आणून दिलं. आत माझंच पत्रक, त्यावर लाल पेन. 'शेकडो' या शब्दाखाली रेघ: 'मोजल्या का?' 'सडत आहेत' खाली: 'कोणत्या?' आणि मथळ्याशेजारी बारीक अक्षरात: 'तोडेल कुलूपना पुढे काय, ते लिखं नही. पहिले आत कोण जाई?' सर लिहितानासुद्धा अहिराणीत गेले होते. मी त्याचा अर्थ लक्षात घ्यायला हवा होता. मी चिडले. पाकीट फेकून दिलं.

पत्रकाचा परिणाम झाला. तपासणी लागली. सोमवारी साहेब येणार. हा आमचा विजय, म्हणून मी रविवारी सकाळी फोटो काढायला शाळेत गेले.

प्रयोगशाळेचं दार सताड उघडं होतं. बाटल्या ओट्यावर ओळीनं लावलेल्या, लहानापासून मोठ्यापर्यंत. क्लार्क भाऊसाहेबांनी गुलीबाईला सांगितलं होतं, सगळं बेसिनमध्ये ओत, बाटल्या धू, चकचकीत दिसलं पाहिजे. गुलीबाई शाळेत झाडलोट करते, आमच्याच पाड्यावरची. ती उंबऱ्यावर उकिडवी बसून खोकत होती. डोळ्यांतून धारा. आणि वास. टाकीत पावडर टाकल्यावर नळाला येतो तोच, पण घशात चाकू घातल्यासारखा. बेसिनच्या तोंडाशी पिवळसर हिरवं काहीतरी हलत होतं.

फोटोसाठी काढलेला फोन हातातच होता. मी सरांना लावला. दुसरं कुणी सुचलंच नाही.

"पहिले काय वतं? मंग काय वतं?" सर एकदम म्हणाले.

गुलीबाईनं खोकत सांगितलं. आधी गंजक्या बुचाची बाटली ओतली, जिच्यातून धूर निघाला. मग डब्यातली पांढरी पावडर.

"कितली?"

"अर्धा डबा, सर."

पलीकडे सर मोजायला लागले. मला त्यांचे ओठ हलताना ऐकू येत होते. मग सर ओरडले, माझ्या आयुष्यात मी त्यांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं: "ती बठेल शे का उभी शे?"

"बसलीय."

"उठाड तिले! बसू नको दू! जड ऱ्हास तो वायू, खाले उतरस. वर ने तिले, उंचवर. बेसिननं पानी कथं जास?"

बेसिनचं पाणी कुठे जातं? मागच्या गटारीत. आणि गटारीच्या कडेला रविवारच्या हॉस्टेलच्या पोरी कपडे धूत बसल्या होत्या, खाली वाकून.

मी गुलीबाईच्या काखेत हात घालून तिला ओढत ध्वजाच्या ओट्यावर नेलं. मग पळत मागे गेले. "उठा! कपडे राहू द्या! वर चला!" पोरी हसायला लागल्या. मी एकीच्या थोबाडीत मारली. मग सगळ्या उठल्या. ओट्यावर बत्तीस पोरी आणि गुलीबाई, एकमेकींना धरून. मी तीनदा मोजल्या. हॉस्टेलच्या अधीक्षकांनी गुलीबाईला मोटारसायकलवर बसवून ग्रामीण रुग्णालयात नेलं.

फोनवर सर अजून होते. "उरेल बाटल्याले कोनी हात लावू नका. मी निंघी ऱ्हायनू." आणि फोन बंद.

तासाभरानं वास ओसरला. भाऊसाहेब आले. "झालं ना आता? गेला वास. उरलेलं ओतून टाकायला लावतो. उद्या साहेब आहेत." मी दारात आडवी उभी राहिले. "पी. एन. सर येतायत," मी म्हणाले. भाऊसाहेब हसले. "तो जपून मास्तर? रनाळ्याहून? आणि घाट चढून? अहो, तो वळणावर उतरून चालत येईपर्यंत साहेब येऊन परत जातील."

मलाही तसंच वाटत होतं. माझ्या पाठीमागे आतल्या ओट्यावर कितीतरी बाटल्या होत्या आणि त्यांतल्या एकीचंही नाव मला सांगता येत नव्हतं. वरच्या फळीवर ती तपकिरी बाटली होती. खडूचा गोल पुसट झालेला, पण होता. कुलपं तोडा, असं मी लिहिलं होतं. त्या तीन तासांत मी दारातून हलले नाही. लघवीलाही गेले नाही. कुठे काच वाजली तरी मी दचकत होते.

अडीचच्या सुमाराला जीप आली. सर उतरले. धोतर-टोपी वगैरे काही नाही, नेहमीची पॅन्ट, खांद्यावर टॉवेल, हातात वाळूची रिकामी पोती. चेहरा पांढराफटक. गुमानभाऊ माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "वळणावर थांबवली होती ना मी, नेहमीसारखी. उतरलेच नाहीत. डोळे मिटून बसले. म्हणाले, 'तू चालाव, मी मोजस.' पूर्ण घाट मोजत आले."

सर प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. दहा मिनिटं. त्याच जागी. मग पिशवीतून ओला रुमाल काढला.

"मी पण येते," मी म्हणाले.

"नको. दोघं आत गेलो तर बाहेर मोजणार कोण?" हे ते पुस्तकी मराठीत म्हणाले, वर्गात म्हणायचे तसं. आणि मग आवाज फुटला: "शंभरलोंग मोज. शंभरले मी बाहेर नही उनू, तरी आत येऊ नको, पोरी. मानसे बलाव."

मी मोजायला लागले. एक, दोन, तीन. आतून खिडकीची कडी वाजली. तीसला काहीच आवाज नाही. पन्नासला मी मोठ्यानं मोजायला लागले. एकसष्टला काचेवर काच लागल्याचा बारीक आवाज, आणि माझा आकडा चुकला, पुन्हा एकसष्टपासून धरला. चौऱ्याण्णवला सर दारात आले, रुमालाआड श्वास घेत, चौकटीला धरून उभे राहिले. थोड्या वेळानं पुन्हा आत. पुन्हा मी एकपासून. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. प्रत्येक वेळी शंभर तेवढे मोजले.

पोरींनी नदीवरून वाळू आणली. सरांनी एकेक बाटली हात लांब करून वाळूत रोवली, एकमेकींपासून दूर. ओळखता आली तिच्यावर नाव. नाही आली तिच्यावर चिठ्ठी: 'माहीत नाही. ओतू नये.' तपकिरी बाटलीला त्यांनी हात लावला नाही. स्टुलावर चढले, पुसट झालेला गोल खडूनं नव्यानं काढला आणि उतरले. मग साहेबांसाठी कागद लिहिला: एकूण बाटल्या चौसष्ट, ओळखलेल्या एकोणतीस, न ओळखलेल्या पस्तीस, जाणकार माणूस येईपर्यंत खोली बंद ठेवावी. खाली पूर्ण नाव आणि सही.

भाऊसाहेब भडकले. "सर, साहेबांपुढे शाळेची शोभा करता? आणि तुम्ही सही करणारे कोण? निवृत्त माणूस!"

"घाबरेल मानूस," सर म्हणाले. घाबरलेला माणूस. आणि कागद दाराला डकवला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तो कागद दाराबाहेर उभं राहून वाचला आणि आत पाऊल टाकलं नाही. पुढे जिल्ह्याहून माणसं आली, हातमोजे घालून, आणि बाटल्या घेऊन गेली. तपकिरी बाटलीत काय होतं ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. गुलीबाई आठवडाभर खोकली, आता बरी आहे. मला शाळेच्या आवारात यायला बंदी आहे. प्रयोगशाळा अजून बंदच आहे; लढाई संपलेली नाही. पण आमचं पत्रक बदललं. आता पहिली ओळ अशी असते: आत किती बाटल्या आहेत, कोणत्या आहेत, आणि कुलूप उघडल्यावर पहिले आत कोण जाणार?

त्या रविवारी ऊन कलायला लागलं तेव्हा आम्ही शेवटच्या जीपनं निघालो. मीही सरांना सोडायला घाटाखालपर्यंत निघाले. सर माझ्याशेजारी, हाताला अजून तो वास. तिसरं वळण आलं. तुटका कठडा. सरांनी गुमानभाऊच्या खांद्यावर हात ठेवला.

जीप थांबली. सर उतरले.

"सर, बसा ना," मी म्हणाले. "दुपारी तर याच वळणानं आलात. आता काय?"

सरांनी टॉवेल डोक्याला गुंडाळला. "जितला धीर व्हता तितला वर येवाले लागी गया, पोरी," ते म्हणाले. "सरी गया तो."

जीप खाली जाऊन थांबली. मागे कुणीतरी कुरकुरलं, घरी पोहोचायला उशीर होईल म्हणून. गुमानभाऊनं इंजिन बंद केलं. मी मागच्या फळीवर उभी राहून वर बघत होते. सर डोंगराच्या बाजूनं, एक हात दरडीला टेकवून, एकेक पाऊल खाली येत होते, ओठ हलत होते. मी खालून त्यांच्याबरोबर मोजत होते.